आधी आवाज ऐक, मग रबर घे

मुलुंड (पूर्व)
रविवार, संध्याकाळ

चि. भाचीबाई हिस,


तुझा निरोप तुझ्या आईकडून पोचला. 'मामाला विचार, फोरहँडला टेनर्जी घेऊ का?' सोबत दुकानाच्या काचेच्या कपाटातल्या टेबल टेनिस रबराच्या पाकिटाचा फोटो. फोनवर 'नको' म्हणून मोकळा झालो असतो. पण चौदाव्या वर्षी नुसत्या 'नको'ने कुणाचं समाधान होत नाही. माझं तर बारावीतही झालं नव्हतं, आणि त्याची फळं मी भोगली; तेही पुढे सांगतो. म्हणून हे पत्र. लांबलंय, दोन बैठकांत वाच आणि तुझ्या सरांनाही दाखव. ते तुझा हात रोज बघतात, मी महिन्यातून एकदा. त्यांचं नि माझं मत जिथे जुळणार नाही तिथे त्यांचं ऐकायचं.

तुझी मागणी कुठून आली ते मला ठाऊक आहे. अंधेरीच्या स्पर्धेत ज्या मुलीने तुला तीन-एक हरवलं, तिच्या बॅटला ते रबर होतं. हरलेल्याची नजर आधी समोरच्याच्या बॅटवर जाते. त्यात लाजायचं काही नाही. आपल्या मुंबईत एकदा सगळ्या जगाची नजर अशीच एका बॅटवर गेली होती.

१९५२ च्या फेब्रुवारीत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली. आशियात ती पहिल्यांदाच होत होती. तोवर लाकडावर बारीक उंचवट्यांचं, म्हणजे पिंपलवालं, पातळ रबर लावून खेळायची रीत होती. चेंडू लागला की ठसठशीत आवाज यायचा, आणि मुरलेले खेळाडू डोळ्यांइतकेच कानांनी खेळायचे. समोरच्याने सणकून मारला की नुसता घासला, हे चेंडू जाळीवर यायच्या आत कानाला कळायचं. अशा मैफलीत जपानचा हिरोजी सातोह जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. त्या बॅटमधून आवाजच येईना. चेंडू स्पंजात शिरायचा आणि भलत्याच वेगाने बाहेर पडायचा. युरोपातले नावाजलेले खेळाडू चक्रावले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून सातोह जगज्जेता झाला. त्या स्पर्धेतल्या सात विजेतेपदांपैकी चार जपानने नेली.

आता तू म्हणशील, 'म्हणजे मामाच सांगतोय की रबराने विश्वविजेतेपद मिळतं!' थांब, गोष्ट संपलेली नाही. सातोहला एकेरीचं जगज्जेतेपद पुन्हा कधी मिळालं नाही. १९५४ आणि १९५६ साली ते जिंकलं जपानच्याच इचिरो ओगिमुराने. स्पंज त्याच्याकडेही होता. पण त्याच्या फोरहँडच्या खाली पळणारे पाय होते, रोजची घाम गाळलेली मेहनत होती. लोकांना स्पंजाची सवय झाली आणि नवलाई ओसरली. पुढे १९५९ मध्ये नुसत्या स्पंजावर बंदी आली. स्पंजावर पिंपलचं रबर बसवलेलं 'सँडविच' तेवढं चालेल, आणि त्याची जाडी गोंदासकट चार मिलिमीटरच्या वर नको, असा नियम झाला. तू आज ज्या बॅटने खेळतेस ती त्या नियमातून जन्मलेली आहे.

मुंबईच्या त्या गोष्टीतून मी घेतो ते एवढंच: रबराचा पत्ता आवाजावरून लागतो. तेव्हा समोरच्याचा आवाज हरवला होता. तू स्वतःचा ऐकायला शीक.

आता बॅट हातात घे आणि तिची कड डोळ्यांसमोर आडवी धर. मधे लाकूड. त्यावर रंगीत स्पंज, त्यात बारीक बारीक छिद्रं. त्याच्यावर रबराची पातळ चादर, तिचे पिंपल्स आत, स्पंजाकडे तोंड करून बसलेले. चेंडू पकडून त्याला फिरकी देणं हे मुख्यतः वरच्या चादरीचं काम. चेंडूला आत घेऊन परत ढकलणं हे स्पंजाचं. आणि तू फारच जोरात मारलंस तर चेंडू दोन्ही थर दाबून थेट लाकडाशी बोलतो. हे सगळं सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात घडतं. डोळ्याला ते दिसणार नाही. कानाला मात्र कळतं.

चेंडू घासून, वर उचलत टॉपस्पिन मारलास तर दबका, भरलेला 'थप्' येतो. सपाट मारलास तर कोरडा 'टक्'. आणि स्पंज तुझ्या जोराला पुरा पडला नाही, चेंडू लाकडापर्यंत पोचला, तर 'खट्' असा लाकडी आवाज येतो. हे तीन आवाज ओळखता येईपर्यंत कुठल्याही दुकानाची पायरी चढायची नाही.

या आठवड्यात एक काम कर. सरांना सांगून मल्टिबॉलवर, म्हणजे एकामागून एक, पन्नास चेंडू मागून घे, सगळे चॉप केलेले, म्हणजे उलटी फिरकी दिलेले, फोरहँडच्या कोपऱ्यात. आईला बाजूने व्हिडिओ काढायला सांग, आवाजासकट. घरी येऊन वहीत तीन रकाने पाड: टेबलावर, जाळीत, बाहेर. प्रत्येकापुढे आवाज लिही. मग असं वाच. जाळीत गेलेल्यांपुढे बहुतेक 'टक्' असेल, तर दोष हाताचा. तू चॉपला घासण्याऐवजी ठोकते आहेस. जगातलं कुठलंही रबर हे दुरुस्त करणार नाही, वेगवान रबर उलट झाकेल. घासल्याचं व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, तरी चेंडू निसटून जाळीत पडतोय, तर रबराची पकड गेली आहे, बदल. आणि बाहेर गेलेल्यांपुढे 'खट्' जास्त असेल तर तुझ्या हाताला आणखी कडक स्पंज पेलेल. मागच्या भेटीत मी जे ऐकलं त्यावरून सांगतो, तुझ्या वहीत पहिला प्रकार निम्म्याहून जास्त निघेल. रागावू नकोस, मोजून बघ.

आता फोरहँडच्या जाती. पुस्तकं दहा सांगतील, मी चारच सांगतो.

पहिली जात टेबलाला चिकटून खेळणाऱ्यांची. हात छोटा, चेंडू उसळी घेतानाच गाठायचा, ड्राइव्ह आणि काउंटर. यांना मध्यम स्पंज आणि चेंडूची कमान फार उंच न नेणारं रबर लागतं. यांच्यातलेच काही जण बाहेर पिंपल्स असलेलं आखूड पिंपल्सचं रबर लावतात. चेंडू सरळ, सपाट, चावऱ्या वेगाने जातो. चीनच्या लिउ गुओलियांगने १९९६ चं ऑलिंपिक सुवर्ण फोरहँडला असंच रबर लावून घेतलं.

दुसरी जात टेबलापासून दोन पावलं मागे सरून मोठी कमान टाकणाऱ्यांची. हात मांडीपासून निघून कपाळापर्यंत येतो. यांना चेंडू क्षणभर धरून ठेवणारं, भरपूर पकडीचं, दोन मिलिमीटर किंवा वरच्या जाडीचं रबर हवं. तुझं टेनर्जी ०५ या घराण्यातलं. ते २००८ मध्ये बाजारात आलं आणि जर्मनीच्या टिमो बोलसारख्यांनी ते गाजवलं.

तिसरी जात चिनी लूपची. रबराची चादर चिकट, स्पंज दगडासारखा कडक. मा लाँगच्या फोरहँडला हरिकेन ३ असतं हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. पण ते रबर स्वतःहून काही देत नाही. पाय, कंबर, खांदा, सगळं अंग वेळेवर चेंडूत ओतलंस तर ते बोलतं, नाहीतर मुकं बसतं. अर्ध्या जोराने मारलेला चेंडू त्याच्यावरून नुसता घरंगळतो.

चौथी जात अडवून, फिरवून, समोरच्याला चुकवणाऱ्यांची. यांना १.८ मिलिमीटरच्या आसपासचं, शांत स्वभावाचं रबर पुरतं. यात कमीपणा नाही. आपली मनिका बत्रा बॅकहँडला लांब पिंपल्स लावते आणि फोरहँडला साधं गुळगुळीत रबर, कारण दोन्ही बाजूंना कामं वेगळी दिली आहेत. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण तिने याच जोडीवर मिळवलं. कुठल्या बाजूकडून काय काम करून घ्यायचं हे तिने आधी ठरवलं, रबर नंतर.

तू यांतली कुठली? मनाने तू दुसऱ्या जातीची आहेस, टिमो बोलची चाहती. हाताने अजून पहिल्या जातीची आहेस. पहिल्या तीन चेंडूंना छान कमान टाकतेस, पण स्कोअर ९-९ झाला की हात आखडतो, पाय थिजतात आणि फोरहँड सपाट होतो. रबर घ्यायचं ते या ९-९ च्या फोरहँडसाठी. सरावात मजेत खेळताना कुठलंही रबर चालतं. ड्यूसला, हात घामेजलेला असताना, जो फटका तुझ्याकडून आपोआप निघतो तो खरा तुझा. त्याला सांभाळून घेईल आणि थोडा पुढेही नेईल, असं रबर शोधायचं.

माझी फजिती आता सांगतो. मी बारावीत होतो. माझाही फोरहँड असाच, थोडा घासणारा, थोडा ठोकणारा. एका दादाकडून वापरलेलं वेगवान परदेशी रबर घेतलं, चार महिने साठवलेल्या पैशांत. वर त्या काळच्या फॅशनप्रमाणे सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन स्पंजाला चोपडलं. सामन्याआधी ते लावलं की स्पंज फुगायचा, बॅट टणटण बोलायची आणि बसल्या जागी अर्ध्या हॉलचं डोकं त्या वासाने दुखायचं. त्या काळी गेम २१ चा. पहिला गेम मी २१-९ ने हरलो आणि त्यातले निम्मे चेंडू पलीकडच्या टेबलावर जाऊन पडले. तिथला पोरगा दर वेळी चेंडू परत देताना हसायचा, ते अजून आठवतं. रबर चांगलंच होतं. माझ्या हाताला न विचारता आणलं होतं, एवढंच. अशा विरघळणाऱ्या गोंदांवर २००८ मध्ये बंदी आली ते बरं झालं. आता पाण्यातला गोंद वापरतात. 'बूस्टर लाव, रबर जिवंत होतं' असं कुणी कानात सांगेल. ते नियमात बसत नाही, तू त्या वाटेला जायचं नाही.

दुकानात तीन आकडे तुझ्यापुढे नाचवतील. पहिला स्पंजाच्या कडकपणाचा. इथे हमखास फसगत होते, कारण प्रत्येक देशाची फूटपट्टी वेगळी. टेनर्जी ०५ च्या स्पंजाचा आकडा ३६. जर्मन मापात ३६ म्हणजे लोण्यासारखा मऊ, पण हा स्पंज तसा मुळीच नाही. आणि चिनी मापातला ४० जर्मन ४० पेक्षा कितीतरी कडक. म्हणून आकडे एकाच घराच्या रबरांत ताडून पाहायचे, दोन घरांत नाही.

दुसरा आकडा जाडीचा. जाडी वाढली की वेग आणि फिरकीची कमाल वाढते, तशा चुकाही वाढतात. तुझ्या वयाला २.० पुरे.

तिसरा आकडा वजनाचा. तो पाकिटावर बहुधा नसतो आणि त्याच्याविषयी कुणी विचारतही नाही. तू मात्र विचार. मोठ्या जाडीचं कडक रबर बॅटच्या आकारात कापल्यावर पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतं. मऊ, पातळ रबर बरंच हलकं असतं. दहा-पंधरा ग्रॅम म्हणजे काय, असं वाटेल. पण तेवढंच वजन पाचव्या गेममध्ये मनगटाला जड होतं आणि मग हात पुन्हा आखडतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा घे, पूर्ण बॅट १७५ ग्रॅमच्या आसपास राहील असं बघ.

याशिवाय आपल्या मुंबईची एक गोष्ट, जी कुठल्याही पाकिटावर छापलेली नाही: पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्या हॉलमध्ये खिडकीतून नुसती वाफ येते. पंखे लावता येत नाहीत, कारण २.७ ग्रॅमचा चेंडू वाऱ्याने भरकटतो. लोकलमधून चिंब होऊन आलेली बॅग, त्यातच ओला नॅपकिन, त्यातच बॅट. अशा हवेत रबरावर पाण्याचा डोळ्याला न दिसणारा थर बसतो आणि घासलेला चेंडू साबणावरून सटकावा तसा सटकून जाळीत जातो. चिकट चिनी रबर यात जास्त रुसतं असा माझा अनुभव आहे. दर सहा गुणांनी टॉवेल घ्यायला मुभा असते, तेव्हा रबरावरूनही कोरडा हात फिरव. बॅट कव्हरमध्ये ठेव आणि नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या कव्हरात टाक. खेळून झालं की ओल्या स्पंजाने रबर पूस, सावलीत वाळव आणि वर प्लास्टिकचा पातळ कागद लाव. उन्हाळ्यात बॅट बाबांच्या स्कूटरच्या डिकीत ठेवायची नाही, तिथे रबर भाजून निघतं. आणि नवं रबर घेतल्यावर ते जुलैच्या एखाद्या सामन्यावरून जोखू नकोस, रबरावर अन्याय होईल.

पैशांचंही बोलायला हवं, कारण तुझी आई बोलणार नाही. एका टेनर्जीच्या पैशांत बऱ्यापैकी दोन रबरं येतात. तुझ्याएवढा सराव असला की पकड वर्षभर टिकत नाही, त्यामुळे हा खर्च एकदाचा नाही, पुन्हा पुन्हा येणारा आहे. गुळगुळीत, पकड गेलेल्या महाग रबरापेक्षा ताजं मध्यम रबर केव्हाही सरस. उरलेल्या पैशांत चेंडूंचा डबा घे. शंभर चेंडू आणि समोर चेंडू टाकणारी मैत्रीण एवढं असलं की तुझा फोरहँड जितका बदलेल तितका कुठल्याही पाकिटाने बदलणार नाही.

आता माझा निकाल. फोरहँडला मध्यम स्पंजाचं, चांगल्या पकडीचं, २.० मिलिमीटरचं रबर घे. बटरफ्लायचं रोझेना किंवा यासाकाचं राक्झा ७ सॉफ्ट, दोन्हींपैकी जे हाताला आणि खिशाला झेपेल ते. फारच शांत हवं असं सर म्हणाले तर १९६९ पासून चालत आलेलं यासाका मार्क फाइव्ह आहेच, त्याने कित्येकांचे फोरहँड घडवले. बॅकहँडचं रबर आणि लाकूड तेच ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर सुधारणा कशाने झाली आणि बिघाड कशाने, याचा हिशोब लागत नाही. नवं रबर लावल्यावर सहा आठवडे त्याच्याविषयी तक्रार करायची नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा पन्नास चेंडू, पुन्हा वही, तेच तीन रकाने. 'टक्' कमी होऊन 'थप्' वाढला असेल तर आपण बरोबर वाटेवर आहोत. पन्नासांतले चाळीस टेबलावर पडू लागले आणि त्यात 'खट्' ऐकू यायला लागला की मला कळव. त्या दिवशी टेनर्जीचा विषय आपण पुन्हा काढू, आणि पैसे मी देईन. हा शब्द समज.

येत्या रविवारी मी येतोय. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, आणि मग तुमची बोरिवली लोकल. तिच्यात शिरता आलं तर अकरापर्यंत पोचेन. तोवर वही भरलेली हवी. दुकानात जायचं ते वही घेऊन जायचं.

आईबाबांना नमस्कार, धाकट्याला पापा.

तुझा,
मामा

ता. क. रबर चिकटवताना त्यावरचा मान्यतेचा शिक्का आणि क्रमांक मुठीकडे, दिसेल असा ठेव. पंच तो बघतात. आणि एक बाजू काळी हवीच. दुसरी लाल ठेव. २०२१ पासून गुलाबी, जांभळा, निळा, हिरवाही चालतो, पण रंगाने फोरहँड सुधारत नाही.